ताट कोणीं उचलावें?

दरेकसा हें नांव आमच्या बहुतेक वाचकांनीं आगगाडीच्या खिडकींतूनच वाचलें असेल. गोंदियाहून डोंगरगडाकडे निघालेली गाडी आमगांव व सालेकसा मागें टाकून डोंगरांत शिरते, तेव्हां हें लहानसें स्टेशन लागतें. पावसाळ्यांत हाजरा धबधबा पाहणारे आणि माघी पौर्णिमेच्या सुमारास कचारगडच्या यात्रेस जाणारे लोक येथें उतरतात. इतरांची गाडी पुढें निघून जाते. आज ज्या विषयावर आम्ही चार शब्द लिहिणार आहों, तो या स्टेशनाभोंवतालच्या रानास आणि गोंदियाच्या पेठेंतील माडीस सारखाच लागू पडणारा आहे. लहान मुलांनीं घरांतील काम करावें कीं नाहीं, कोणत्या वयांत कोणतें करावें, आणि कोणाच्या मुलांनीं करावें, हा तो विषय होय.

फाल्गुन सरत आला कीं या भागांत मोहाचीं फुलें गळूं लागतात. तीं रात्रीं व पहाटे गळतात, म्हणून उजाडतांच टोपल्या घेऊन आईबरोबर मुलेंहि झाडाखालीं जातात. पांच वर्षांचें मूल फुलें वेचतें. नऊ वर्षांची मुलगी वेचतां वेचतां धाकट्या भावावर नजर ठेवते. घरीं येऊन फुलें अंगणांत पसरणें, वाळलेलीं उलटणें हेंहि त्यांच्याच हातून होतें. या मुलांना काम शिकविण्यास कोणी बसत नाहीं. आईच्या शेजारीं वावरतां वावरतां तीं शिकतात. शहरांतील पाहुण्यास याचें कौतुक वाटतें, व तें योग्यहि आहे. परंतु आम्ही त्या पाहुण्यास थोडें थांबवूं इच्छितों. याच दिवसांत परीक्षा जवळ आलेली असते, आणि उन्हामुळें आमच्या भागांतील शाळा सकाळच्या भरतात. म्हणजे शाळेची घंटा व मोहाचें झाड हीं दोन्ही एकाच वेळीं मुलाला हांक मारतात. पुढें रोवणीच्या दिवसांत थोरलीं माणसें बांधींत उतरलीं कीं घर व तान्हें मूल थोरल्या मुलीच्या गळ्यांत पडतें. तिचा भाऊ त्या वेळीं शाळेंत असतो, किंवा खेळत असतो. ही मुलगी वर्गांत मागें पडते, मग कांहीं दिवस जात नाहीं, आणि मग जातच नाहीं. तिचें नांव शाळेंतून काढण्याचा निश्चय घरांत कोणीं एके दिवशीं केलेला नसतो.

आतां पेठेकडे वळूं. येथें दहा वर्षांचा मुलगा जेवून उठतो, तो ताट जागच्या जागीं टाकून उठतो. पाण्याचा पेला त्याच्या हातीं आणून द्यावा लागतो. शाळेचें दप्तर आई भरते. "तूं अभ्यास कर, बाकीचें आम्ही पाहतों," हा मंत्र त्याला तिसऱ्या वर्षापासून ऐकविलेला असतो. आम्ही हें दुसऱ्यांच्या घराकडे बोट दाखवून लिहीत नाहीं. प्रस्तुत लेखकास मिठाची बरणी कोणत्या फळीवर असते हें पत्नी आजारी पडली तेव्हां प्रथम कळलें, आणि तोंपर्यंत त्याच्या डोक्यावर पांढरे केस आले होते!

तें टाकलेलें ताट कोणीतरी उचलतेंच. आई उचलते, बहीण उचलते. आणि कित्येक घरांत खेड्यांतून आणून ठेवलेली एखादी पोर उचलते. "ती आमच्या घरच्या मुलीसारखीच आहे," असें तिच्याविषयीं सांगण्यांत येतें. मग ती आपल्या मुलीच्या शेजारीं बाकावर कां दिसत नाहीं? चौदा वर्षांखालील मुलांना घरकामास नोकर म्हणून ठेवण्यास 10 ऑक्टोबर 2006 पासून कायद्यानें बंदी आहे, व 2016 च्या दुरुस्तीनें ही बंदी सर्व धंद्यांस लागू केली आहे. त्याच दुरुस्तीनें मुलांनीं शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटींत आपल्या घरच्यांना धोका नसलेल्या कामांत मदत करण्यास मोकळीक ठेविली. या मोकळिकीच्या आड मजुरी लपेल, अशी हरकत पुष्कळांनीं तेव्हां घेतली होती, व ती निराधार नाहीं. तथापि कायद्यानें घरचें काम आणि परक्याची चाकरी यांत जो भेद केला तो आम्हांस मान्य आहे. आमचें गाऱ्हाणें इतकेंच कीं, पेठेंत हा भेद नेमका उलटा पाळला जातो.

सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानें 2019 सालीं लोकांच्या चोवीस तासांचा हिशेब घेतला. सहा वर्षांवरील पुरुषांपैकीं शेंकडा 26 जणच दिवसांत घरकामाला कांहीं हात लावतात, तर स्त्रियांपैकीं शेंकडा 81, असें त्यांत आढळलें. आणि जे करतात त्यांतहि स्त्रीचीं 299 मिनिटें, तर पुरुषाचीं 97. व्यापारी वाचकांना आंकडा समजावून सांगणें नको. ज्या पेढीचा एक भागीदार सारा दिवस राबतो आणि दुसरा नफ्यापुरता येतो, ती कशी चालते हें ते जाणतात. हा पुरुष कांहीं लग्नाच्या दिवशीं असा झालेला नसतो. त्याची घडण तिसऱ्या-चवथ्या वर्षीं सुरू होते.

त्या वयांत मूल स्वतःहून कामाला येतें, ही गोष्ट आमच्या घरांतून कोणी नीट पाहत नाहीं. अडीच वर्षांचें पोर केरसुणी ओढूं लागतें, पोळपाटाशीं येऊन कणकेचा गोळा मागतें. आपण म्हणतों, "सांडशील, जा, खेळ जा." असें दोन-तीन वर्षें सांगितल्यावर तें खरोखरच जातें, मग आठव्या वर्षीं त्याला हांका मारून आपला घसा कोरडा पडतो. 1907 सालीं रोम शहरांतील मजुरांच्या वस्तींत मारिया माँटेसरी बाईंनीं बालगृह उघडलें, तेव्हां त्यांनीं मुलांच्या हाताला बेताचीं साधनें दिलीं आणि झाडणें, धुणें, वाढणें हींच शिक्षणाचीं पहिलीं पाठें केलीं. ती पद्धति गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरास राबवून ताराबाई मोडक यांनीं महाराष्ट्रांत आणली.

अडीच-तीन वर्षांच्या मुलानें आपले कपडे टोपलींत टाकावे, कोथिंबीर निवडतांना आईजवळ बसावें, चमचे जागेवर ठेवावे. पांचव्या वर्षीं पाटपाणी घेतां येतें, वाटाणे सोलतां येतात, आणि आमच्या या धानाच्या मुलखांत तांदूळ निवडण्यास तर त्या कोवळ्या डोळ्यांइतके डोळे दुसरे नाहींत. सातव्या-आठव्या वर्षीं अंथरूण घडी करणें, केर काढणें, आपलें ताट घासणें. दहाव्या-अकराव्या वर्षीं थोरांच्या नजरेखालीं भात लावणें व कणीक मळणें. आणि बाराव्या वर्षीं यादी घेऊन किराणा आणणें व उरलेल्या पैशांचा हिशेब देणें, यांत व्यापाऱ्याच्या मुलाला कमीपणा तो कसला? उकळतें पातेलें, भरलेला हंडा, विळा, विहिरीचा काठ हीं मात्र लहानांचीं कामें नव्हेत. दिवसभर तान्हें मूल सांभाळणें हें तर मुळींच नव्हे. काम वांकडें झालें तरी मुलाच्या पाठीमागून तें पुन्हा करूं नये. तें पाहतें, आणि आपलें काम खोटें होतें असें समजतें.

पैसे देऊन ताट उचलविण्याची रीति हल्लीं कांहीं घरांत निघाली आहे. ती आम्हांस पसंत नाहीं. लाइपझिग येथील वॉर्नेकेन व टोमासेलो या संशोधकांनीं 2008 सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वीस महिन्यांच्या ज्या मुलांना मदतीबद्दल वस्तु बक्षीस दिली, तीं पुढें इतरांपेक्षां कमी मदत करूं लागलीं. घराच्या चुलीशीं भाव ठरूं लागला कीं मूल भाव वाढवील, आणि न पटल्यास दुकान बंद करील.

आमच्या विदर्भांतच, वर्धा येथें, ऑक्टोबर 1937 मध्यें हातानें काम करीत शिकण्याची योजना गांधीजींनीं देशापुढें ठेविली. तिचें पुढें शाळांच्या वेळापत्रकांत कार्यानुभवाच्या एका तासांत रूपांतर झालें, याबद्दल फार लिहिण्यांत अर्थ नाहीं. त्यापेक्षां ताराबाई व अनुताई वाघ यांचें कोसबाड येथील काम आम्हांस दरेकशाच्या दृष्टीनें अधिक जवळचें वाटतें. 1945 सालीं बोर्डीस सुरू झालेलें हें काम पुढें डहाणू तालुक्यांतील त्या टेकडीवर, वारली मुलांत, गेलें. मुलें गुरें राखतात म्हणून येत नाहींत असें दिसतांच शिक्षक कुरणांत गेले, आणि कुरणशाळा निघाली. मुली भावंडें सांभाळतात म्हणून येत नाहींत असें दिसतांच पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एका आवारांत आणून विकासवाडी केली. बहीण वर्गांत आणि धाकटा पाळण्यांत. या बाईंनीं आईबापांना दोष देण्यांत दिवस घालविले नाहींत. त्यांनीं कामाचें ओझें मोजलें, आणि शाळा त्या ओझ्याच्या बाजूला नेऊन ठेविली.

सालेकसा तालुक्यांत असें कांहीं करणें अवघड आहे काय? मोहाच्या त्या तीन-चार आठवड्यांत शाळेची घंटा दीड-दोन तास पुढें ढकलावी; ऊन चढेल ही अडचण खरी, परंतु रिकाम्या बाकांपेक्षां ती लहान आहे. रोवणीच्या दिवसांत अंगणवाडी शेतावरून माणसें परत येईपर्यंत उघडी ठेवावी, आणि त्यासाठीं सेविकेला जादा मोबदला द्यावा. तो तिच्या माथीं फुकट मारूं नये. हें गांवाकडचें झालें. पेठेंतील कामाला ठराव लागत नाहीं, खर्चहि लागत नाहीं. आज रात्रीं जेवण झाल्यावर घरच्या मुलाला ताट उचलण्यास सांगावें. तो बापाच्या ताटाकडे पाहील, हें लक्षांत ठेवून बापानें आपलें आधीं उचललेलें असावें.