एक वाजताची मीटिंग आणि वीस ग्रॅम प्रोटीन

तर झालं असं. जुलैत तीन आठवडे वर्क फ्रॉम होम घेऊन मालवणला घरी गेलो होतो. बॅगेत लॅपटॉप, दोन चार्जर, छत्री (पुण्याची छत्री मालवणच्या पावसात म्हणजे विनोदच) आणि चोवीस प्रोटीन बारचा एक खोका.

खोका कशाला? आमचा क्लायंट लंडनचा. त्यांचे सकाळचे साडेआठ म्हणजे उन्हाळ्यात आपला दुपारचा एक. त्यांचा दिवस ताजातवाना सुरू होतो तेव्हा आपल्या पोटात कावळे. पुण्यात मी गेलं वर्षभर यावर उपाय काढलाय: म्यूट करायचं, कॅमेरा बंद, रॅपर फाडायचं. साठ ग्रॅमचा बार, वीस ग्रॅम प्रोटीन, एकशेवीस रुपये. चार मिनिटांत जेवण खलास. ना डबा, ना भांडी. आपण इंजिनियर लोक, ऑप्टिमाइझ करण्याची खाज असतेच.

एक गंमत सांगतो. हे बार ज्या माणसामुळे जगभर गाजले तो ब्रायन मॅक्सवेल मॅरेथॉन पळायचा. १९८३ सालच्या एका शर्यतीत शेवटच्या टप्प्यात त्याची ताकद संपली, त्यातून १९८६ मध्ये 'पॉवरबार' बाजारात आला. २००० साली नेस्लेने ती कंपनी विकत घेतली. आपल्याकडेही २०२४ मध्ये झायडस वेलनेसने 'मॅक्स प्रोटीन'वाल्या नॅचरेल कंपनीसाठी ३९० कोटी मोजले. म्हणजे बेचाळीस किलोमीटर पळणाऱ्यासाठी केलेली वस्तू आता दिवसभरात खुर्चीपासून फ्रीजपर्यंत चालणारा माणूस खातो. माझ्यासारखा.

आता कोणी म्हणेल, की हा गडी लगेच 'आपलं जुनं तेच सोनं'वर येणार. थांबा. मी हिशोब केलाय. आमच्याकडे जत्रेत मिळतं ते मालवणी खाजं: बेसनाच्या जाड काड्या तळायच्या, आलं घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवायच्या. आंगणेवाडीच्या जत्रेत खाज्याचे ढीग बघून मला वाटायचं, हाच आपला देशी एनर्जी बार. पण निम्मा गूळ आणि तळणाचं तेल धरलं तर शंभर ग्रॅम खाज्यात जेमतेम आठ-नऊ ग्रॅम प्रोटीन भरतं. खाजं हे खाजं आहे, आवडतं म्हणून खावं. त्याला जिममध्ये पाठवू नये. कुळथात शंभर ग्रॅमला बावीसच्या आसपास प्रोटीन असतं, पण पिठीला माणशी दोन-तीन चमचे पीठ लागतं. म्हणजे सहा-सात ग्रॅम. बार इथे सरळ जिंकतो, मान्य.

मात्र बारचं रॅपर उलटं करून वाचलंत का कधी? माझ्या बारवर सोया आयसोलेट, पाम तेल आणि माल्टिटॉल होतं, खाली बारीक अक्षरात सूचना, की याने जुलाब होऊ शकतात. (लोकहो, एका दिवशी तीन खाऊ नका. स्वानुभव. जास्त विचारू नका.)

असो. मुद्दा वेगळाच आहे.

आई पहिल्या दिवशी सव्वाला दारात आली. "जेवक कधी येतलस?" मी हेडफोनवर बोट ठेवून हातातला बार दाखवला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मीच शहाणपणाने सांगितलं, तू माझ्यासाठी थांबू नकोस, माझं दुपारचं झालेलं असतं. मला वाटलं, चला, तिचीही सोय झाली. बाबा गेल्यापासून ती तशी एकटीच जेवते, तिला काय फरक पडणार!

पुढच्या आठवड्यात एकदा मीटिंग ऐनवेळी रद्द झाली. (पावसाने आमचीच लाइन गेली होती, खरं तर.) दीड वाजता स्वयंपाकघरात गेलो तर गॅस थंड. आई चहात बटर बुडवून खात होती. बटर म्हणजे आमच्याकडचा बेकरीतला, कडक, गोल. म्हटलं, जेवलीस?

"पेज खाल्लंय मगाशी. माझ्या एकटीसाठी कित्याक रांधूचा?"

सकाळी दहाची पेज, दुपारी चहा-बटर, रात्री डाळभात. मी काय खातो त्याची ॲपमध्ये नोंद ठेवणारा माणूस. त्या रात्री पहिल्यांदा तिचं गणित मांडलं. आयसीएमआरच्या हिशोबाने दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं. मला साठ, तिला त्रेचाळीसच्या आसपास. तिचं पंचवीसच्या पुढे काही जाईना. मी जेवणाला पर्याय शोधला होता माझ्यापुरता, आणि जेवण बंद झालं तिचं. आणि हे फक्त मी घरी होतो म्हणून दिसलं. एरवी वर्षभर ती काय खाते, फोनवर 'जेवलीस का' विचारलं की 'हो' म्हणते, एवढंच मला माहीत.

तिला एक बार दिला. अर्धा खाऊन रॅपरमध्ये गुंडाळून ठेवला. "ह्येच्यापेक्षा आमचा खाजा बरा."

स्नॅक म्हणून बार खायला माझी काहीच हरकत नाही. 'मील रिप्लेसमेंट' हा शब्द मात्र आता घशाखाली उतरत नाही. आयसीएमआरने मे २०२४ च्या मार्गदर्शिकेत प्रोटीन सप्लिमेंट टाळा म्हटलं, ते वाचून मी तेव्हा हसलो होतो. पण आपण दुपारी बार खातो ते प्रोटीन कमी पडतं म्हणून नाहीच. एक वाजता मीटिंग ठेवणाऱ्याला 'नको' म्हणायची हिंमत कमी पडते म्हणून. त्यावर कुठल्या फ्लेवरचा बार चालणार?

मी मॅनेजरला मेल टाकली, एकऐवजी दोनला घेऊ या. मला वाटलं होतं मोठं महाभारत होईल. लंडनच्या बाईंचं एका ओळीत उत्तर: त्यांना साडेनऊच बरं पडतं, मुलीला शाळेत सोडायचं असतं. वर्षभर!

मग उरलेले दिवस एक वाजता पाट. जुलैत यांत्रिक नौकांना बंदी, त्यामुळे बांगडा नाहीच, पण पावसाळ्यासाठी सुकवून ठेवलेली सुंगटं होती. किसमूर, पिठी आणि उकड्या तांदळाचा भात. सुक्या सुंगटाच्या वजनात निम्म्याहून जास्त प्रोटीन असतं, हे मी आईला फार कौतुकाने सांगितलं. ती म्हणाली, "मग आणखी घे."

येताना रात्रीच्या बसने आलो. बस दोन वाजता एका ढाब्यावर थांबली, तिथल्या वड्याचं तेल बघून गुपचूप खिशातला बार काढला. अशा वेळी त्याच्यासारखी दुसरी वस्तू नाही. बाकीचे अकरा आईकडेच ठेवून आलोय. परवा फोनवर विचारलं तर म्हणाली, शेजारचा कॉलेजातला पोरगा नेतो एकेक, मोबदल्यात तिचं वाणसामान आणून देतो. दुपारी काय खाल्लंस, हेही विचारलं. यावेळी नुसत्या 'हो'वर सोडलं नाही, भाजीचं नाव सांग म्हटलं. फणसाची भाजी म्हणाली. जरा थांबून म्हणाली, म्हणजे, कालची.