शकुंतला 'इंग्रजांची' म्हणून रडणाऱ्यांना एक प्रश्न

परवा पुन्हा तो मेसेज आला. 'भारतातली ही रेल्वे आजही इंग्रजांच्या मालकीची!' दरवर्षी येतो, आपण दरवर्षी चिडतो, दहा ग्रुपवर ढकलतो आणि झोपतो.

मंडळी, थोडं थांबा. शकुंतला बांधली किलिक-निक्सन या मुंबईच्या व्यापारी कंपनीने. कंपनी स्थापन केली इंग्रजांनी, १८५७ साली, हे खरं. पण स्वातंत्र्यानंतर ती भारतीय मालकांच्या हाती गेली. गाडी चालवायची मध्य रेल्वे. मार्ग विकत घ्यायची संधी कराराप्रमाणे सरकारला दर दहा वर्षांनी मिळायची, आणि दर वेळी सरकारने ती सोडून दिली. मग लंडनमधला कुठला गोरा साहेब आपल्याला अडवत होता, सांगा बरं?

दारव्हा मोतीबाग स्टेशनाचंच बघा. आज तिथे गाडी येत नाही, पण एकेकाळी ते जंक्शन होतं. मूर्तिजापूर–यवतमाळ हा मुख्य मार्ग, आणि १९३१ च्या सुमारास दारव्ह्याहून पुसदला फाटा निघाला. दुसऱ्या महायुद्धात त्या फाट्याचे रूळ उखडून नेले. ते काम इंग्रजांचंच, त्याबद्दल खुशाल शिव्या द्या. पण १९४७ नंतर ते रूळ परत टाकायला कोणाचे हात बांधले होते?

ही लाईन कापसासाठी टाकली होती. वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरला जायचा, तिथून मोठ्या गाडीने मुंबई, पुढे बोटीने विलायत. वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच, १९२१ चं. ते १९९४ पर्यंत राबलं, मग डिझेल आलं. गार्डच तिकीट फाडायचा, गाडी बैलगाडीच्या चालीने जायची. हसा तुम्ही. पण एसटीचं भाडं ज्याला जड जायचं ना, त्याला त्या चालीचं काही वाटत नव्हतं. माझी आजी कारंज्याला गुरुमहाराजांच्या दर्शनाला याच गाडीने जायची, डब्यात भाकरी नि ठेचा घेऊन.

गेल्या काही वर्षांत यवतमाळची बाजू बंद, अचलपूरची बाजूही बंद. कारण काय, तर रूळ खराब. आणि ते खराब होईपर्यंत कोण बघत बसलं होतं?

आता वर्धा–यवतमाळ–नांदेड ब्रॉडगेज होते आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत वर्धा–कळंब टप्प्याचं उद्घाटनही झालं. हीच लाईन पुढे दारव्हा, दिग्रस, पुसदला जाणार. म्हणजे उखडलेल्या फाट्याची दिशा ८० वर्षांनी परत मिळणार. आनंद आहे, नाही कशाला म्हणू! पण या नकाशात कारंजा नाही. मूर्तिजापूर नाही. दर्यापूर, अंजनगाव, अचलपूरही नाही.

तेव्हा पुढच्या वेळी तो मेसेज आला की ढकलू नका. आपल्या खासदारांना एवढंच विचारा: दारव्हा–कारंजा–मूर्तिजापूर–अचलपूर ब्रॉडगेजचं काम कोणत्या वर्षी सुरू होणार? उत्तर लेखी मागा. आलं की इथेच टाका.