विषय आला म्हणजे काय आले?

२०२५ च्या दिवाळीत मुलुंड-बोरिवलीतल्या कितीतरी घरांत फराळाच्या डब्याशेजारी टीईटीचे (शिक्षक पात्रता परीक्षेचे) गाईड उघडे असेल, आणि ते वाचणाऱ्या बाई वीस वर्षे वर्गावर उभ्या राहिलेल्या असतील. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हायची, नाहीतर नोकरी सोडायची. (अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेला आहे.) या वयात परीक्षा, याचा संताप समजतो. पण त्या निमित्ताने एक जुना वाद पुन्हा शिक्षकखोलीत आला, तो आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो.

एक बाजू म्हणते, शिकवण्याची हातोटी हवी; विषय काय, आदल्या रात्री वाचून गेले की भागते. अंधेरी-घाटकोपरच्या क्लासवाल्यांचे फलक उलटे सांगतात: शिकवणारा आयआयटीचा आहे ना, मग झाले.

सहावीतल्या मुलाला विचारा, ०.३५ मोठे की ०.८? पुष्कळ मुले ०.३५ म्हणतात, कारण पस्तीस आठापेक्षा मोठे. आदल्या रात्री वाचून आलेला शिक्षक फुली मारतो, किंवा ‘शेवटी शून्य लावून बघ’ अशी युक्ती देतो आणि मूल ती पाठ करते. दशांश ज्याला आतून कळले आहेत, त्याला त्या चुकीतला तर्क दिसतो. मूल पूर्ण संख्यांचा नियम प्रामाणिकपणे पुढे ओढते आहे. मग तो एका चौकोनाचे दहा भाग करायला लावतो, दुसऱ्याचे शंभर. मुले चुकतात ती कशी आणि का, हे शोधणे १९७४ मध्ये स्थापन झालेल्या मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या कामाचा भाग आहे. (आपल्याकडच्या पालकांना ‘होमी भाभा’ म्हटले की बालवैज्ञानिक स्पर्धाच आठवते, ती वेगळी.)

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘बावीस’सोबत ‘वीस दोन’ आले, तेव्हा विधिमंडळापर्यंत थट्टा झाली. त्या विषय समितीच्या प्रमुख होत्या डॉ. मंगला नारळीकर, संख्याशास्त्रात नव्हे तर अंकगणिताच्या गाभ्यात, संख्यासिद्धांतात, पीएच.डी. मिळवलेल्या. सत्तावीस ऐकले की मुलाला आधी सात ऐकू येतो, आणि वहीत ७२ उतरतात. दशमान पद्धत म्हणजे काय हे पक्के ठाऊक असलेल्या बाईंना सात वर्षांच्या मुलाची ही अडखळ क्षुल्लक वाटली नाही. उपाय पटो न पटो (आम्हाला निम्माच पटला), रोगाचे निदान अचूक होते.

म्हणून विषय यायला हवा, आणि चांगला यायला हवा, असेच आमचे मत आहे. फक्त तो पदवीने किंवा स्वतःच्या पराक्रमाने मोजू नये. क्रिकेटचेच बघा: मोठे खेळाडू घडवणाऱ्या आचरेकर सरांच्या स्वतःच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकच सामना आहे. बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेत प्रशिक्षक दिनेश लाडांकडे रोहित शर्मा ऑफ-स्पिनर म्हणून आला होता. त्याच्या बॅटीत काय आहे ते त्यांनी ओळखले आणि त्याला वर खेळायला पाठवले. ती नजर खेळ मुरल्याशिवाय येत नाही.

टीईटी ही नजर तपासते का? सहावी ते आठवीच्या पेपरात १५० पैकी ६० गुण विषयाचे, ३० बालमानसशास्त्राचे; दोन्हींचे रकाने वेगळे. मुलाचे चुकलेले गणित पुढे ठेवून ‘हे असे का आले असेल?’ असे विचारणारे प्रश्न भरपूर असते, तर वीस वर्षांचा अनुभव असलेल्या बाईंना गाईड विकत घ्यावे लागले नसते, आणि आयआयटीच्या फलकावरचे काही जण पहिल्या पानावरच अडले असते. परीक्षेला बसणाऱ्या शिक्षकांना प्रशासनाने तोपर्यंत निवडणूक याद्यांच्या कामातून तरी मोकळे ठेवावे.