मैदानाचे दत्तकविधान

दिवाळी चार दिवसांवर आली की आमच्या लहानपणी मैदानाचा भाव एकदम वधारत असे. किल्ल्याला माती हवी आणि माती म्हणजे मैदानाची! पाटीभर माती, चार ओबडधोबड दगड, मोरीमागच्या भिंतीचे शेवाळे आणि पेरायला आईच्या डब्यातली मूठभर मोहरी, एवढ्या भांडवलावर आम्ही रायगड उभा करीत असू. माती घेताना कुणाला विचारावे लागे, असे मला आठवत नाही. विचारायचे तरी कुणाला? मैदान सगळ्यांचेच होते.

गेल्या वर्षी माझा नातू अशीच पिशवी घेऊन गेला आणि तशीच रिकामी पिशवी घेऊन परत आला. म्हणाला, "आजोबा, तिथला वॉचमन विचारत होता, मेंबर आहेस का?"

आता हे मैदान म्हणजे कुणा जहागीरदाराची बाग नव्हे. मुंबईच्या उपनगरातला तो एक साधा भूखंड. विकास आराखड्यावर हिरव्या रंगाने रंगवलेला, मुलांच्या खेळासाठी राखलेला. आज त्याच्या एका अंगाला क्लबघर आहे, आत पोहण्याचा तलाव आहे, कार्यालय आहे आणि कार्यालयाच्या भिंतीवर एका पुढाऱ्याची हात जोडलेली तसबीर आहे. मैदान महापालिकेने विकले म्हणावे, तर नाही. भाड्याने दिले म्हणावे, तर तेही नाही. मग झाले काय? तर मैदान 'दत्तक' दिले!

ज्या कुणाला हा शब्द सुचला, त्याच्या प्रतिभेला माझा साष्टांग नमस्कार. विकणे म्हटले की लोक चवताळतात. दत्तक म्हटले की डोळ्यांत पाणी येते. पण वाचकहो, दत्तकाचा कायदा आपल्याकडे १९५६ पासून लेखी आहे, तो जरा काढून पाहा. ज्याच्या घरी मुलगा आहे, त्याला दुसरा मुलगा दत्तक घेता येत नाही. इथे ज्यांच्या पदरी एक मैदान आहे, तेच दुसऱ्यासाठी अर्ज करतात. दत्तक देता-घेता पैशाची देवघेव करणे त्या कायद्याने गुन्हा आहे. इथे मुलाला मांडीवर घेतल्याबरोबर त्याच्या कपाळावर प्रवेश-फीचा दर चिकटवतात. एक कलम मात्र आमच्या पुढाऱ्यांना तोंडपाठ दिसते: एकदा झालेले दत्तकविधान रद्द होत नाही!

आणि मूल दत्तक द्यावे लागते ते आईबाप पोसू शकत नाहीत म्हणून ना? या आईचे उत्पन्न तरी पाहा. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ सालचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. देशातली कित्येक लहान राज्ये हा आकडा ऐकून तोंडात बोट घालतील. एवढी श्रीमंत आई म्हणते, "बागेतला झोपाळा दुरुस्त करायला माझ्याकडे माणूस नाही हो, कुणी सज्जन माझ्या लेकराला सांभाळील काय?" मुंबईकराच्या वाट्याला येणारी मोकळी जागा माणशी जेमतेम सव्वा चौरस मीटर भरते. दिल्लीतल्या नगररचनाकारांची शिफारस माणशी दहा-बारा चौरस मीटरांची आहे. सव्वा चौरस मीटर म्हणजे किती, ते पाहायचे असेल तर घरातली एक सतरंजी दुमडून अंथरा आणि तिच्यावर उभे राहा. एवढे तुमचे मैदान. त्यातूनही कोपरा हवा असतो तो क्लबघराला.

आता या बाबतीत आमच्या लोकप्रतिनिधींची भूमिका काय? 'भूमिका' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो, कारण तो नाटकातला आहे. २००७ च्या सुमारास पालिकेचे 'काळजीवाहू' धोरण गाजले. जागा सांभाळायची आणि तिच्या एका भागावर क्लबघर बांधायचे, अशी त्यातली सोय. ओरड झाली आणि राज्य सरकारने ते थांबवले. जानेवारी २०१६ मध्ये नव्या नावाने तोच प्रयोग पुन्हा रंगभूमीवर आला. शिवसेना आणि भारतीय जनता पक्ष पालिकेत एकत्र नांदत होते. दोघांनी मिळून धोरण सभागृहात मंजूर केले. काँग्रेस, राष्ट्रवादी, मनसे विरोधात. गावात बोंब झाली. नागरिकांच्या संघटना उठल्या, वर्तमानपत्रे उठली आणि काही दिवसांतच भारतीय जनता पक्षाला साक्षात्कार झाला की हे धोरण मुंबईकरांच्या हिताचे नाही! त्याच पक्षाच्या मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली. एकाच देहाचा उजवा हात सभागृहात वर जातो आणि डावा हात मंत्रालयात तो खाली ओढतो, असा हा योगासनाचा प्रकार आम्ही उघड्या डोळ्यांनी पाहिला.

विरोधात बसलेल्यांसाठी मात्र कुणी घाईने टाळ्या वाजवू नयेत. स्थगितीनंतर दोनशेहून अधिक भूखंड परत घेण्यासाठी पालिकेने नोटिसा धाडल्या. साध्यासुध्या संस्थांनी किल्ल्या आणून दिल्या. जिथे संस्थेमागे पुढारी उभा, तिथे नोटिशीचे घोडे अडले. आणि ते पुढारी एकाच पक्षाचे नव्हते. याबाबतीत आमच्याकडे सर्वपक्षीय एकोपा वाखाणण्यासारखा आहे. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे क्लबाच्या पायरीवर मात्र अगदी सख्खे शेजारी.

मार्च २०२२ मध्ये पालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासकाचे राज्य आले. हात वर करायलाच कुणी नाही! नेमक्या त्या अवधीत, २०२३ साली, दत्तकाचा मसुदा तिसऱ्यांदा बाहेर आला. लोकांनी पुन्हा हरकतींचा पाऊस पाडला. आणि त्या वेळचे माजी नगरसेवक? त्यांनीही निषेध केला. मत द्यायचे नसले म्हणजे माणूस किती निर्भय होतो, पाहा!

महालक्ष्मीच्या रेसकोर्सचेही तेच. १९१४ पासूनचा तो भाडेपट्टा मे २०१३ मध्ये संपला, तेव्हा पालिकेत सत्तेवर असलेली शिवसेना तिथे भव्य उद्यान हवे म्हणून हटून बसली होती. पुढे तिची दोन शकले झाली. २०२४ मध्ये एका शकलाच्या सरकारने तिथली १२० एकर जागा उद्यानासाठी घेण्याचे ठरवले, तर दुसरे शकल ओरडू लागले की यात बिल्डरांचा डाव आहे! डाव असेलही, मी नाही म्हणत नाही. रेसकोर्स तेच, घोडाही तोच; स्वार मात्र बदललेले.

"पण अहो," माझे एक शेजारी म्हणतात, "पालिकेच्या बागा तुम्ही पाहिल्या आहेत ना? दिव्यांना काचा नाहीत, नळाला पाणी नाही, संध्याकाळी बाटल्या. त्यापेक्षा क्लब परवडला." हा आक्षेप खोटा नाही. मीही तिथे बसतो, मला ठाऊक आहे. पण घर गळते म्हणून ते शाकारायचे, की शेजाऱ्याला देऊन टाकायचे? शिवाय राखणदारी करायला क्लबघर लागतेच असे कुठे आहे? ओव्हल मैदानाची दुर्दशा झाली तेव्हा, गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात, तिथल्या रहिवाशांच्या संघटनेने न्यायालयात जाऊन त्याची निगा आपल्याकडे घेतली. आजही तिथे कुणाचीही पोरे बॅट घेऊन येतात आणि सभासदत्व विचारले जात नाही. सांभाळणारा वेगळा, गिळणारा वेगळा. आमच्या धोरणांत या दोघांना एकच अर्ज भरावा लागतो, ही खरी गोम आहे.

न्यायालयांनी तर यावर केव्हाच बोलून ठेवले आहे. बंगळूरला राजमहल विलास वसाहतीतली बागेची जागा मुख्यमंत्र्यांच्या हुकमाने एका खाजगी ट्रस्टला शुश्रूषागृहासाठी देण्यात आली. शुश्रूषागृहासारखे पुण्यकार्य! तरीही १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मोडीत काढले. लखनौच्या अमीनाबादेत झंडेवाला पार्क आहे, स्वातंत्र्याच्या चळवळीतल्या सभांचे मैदान. तिथल्या महापालिकेने निविदा न मागवता एका बिल्डरला त्याच्या पोटात भुयारी बाजार बांधू दिला. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बाजार पाडून बाग पूर्ववत करावयास लावली. ते वाचल्यापासून मला आमचा शिवाजी पार्क आठवतो. १९२५ साली पालिकेने तो केला तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. १९२७ मध्ये अवंतिकाबाई गोखले या नगरसेविकेने आग्रह धरला आणि त्याला शिवरायांचे नाव मिळाले. एका नगरसेविकेने मैदानावर नाव लिहिले ते महाराजांचे. आजचे नगरसेवक बाकावरसुद्धा स्वतःचे लिहितात.

उघड देण्याघेण्यापेक्षा आणखी एक रीत आहे, आणि ती मला अधिक भयंकर वाटते, कारण तिला आवाज नाही. आराखड्यात एखादी खाजगी जमीन बागेसाठी राखून ठेवलेली असते. दहा वर्षांत पालिकेने ती घेतली नाही, तर नगररचनेच्या १९६६ च्या कायद्यातल्या १२७ व्या कलमाने मालक नोटीस देतो आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत हालचाल झाली नाही, की आरक्षण आपोआप गळून पडते. म्हणजे बाग बुडवायला ठराव नको, भाषण नको. नुसते स्वस्थ बसले की पुरे! जमीन घेण्याचा प्रस्ताव सुधार समितीत येतो, तो 'दप्तरी दाखल' होतो, चहा येतो, सभा संपते. मुंबईत असे प्रकार घडले आहेत आणि त्यावरून गदारोळही उठले आहेत. जो नगरसेवक मैदानाच्या प्रश्नावर घसा फोडून बोलतो, त्याची मला तितकी भीती वाटत नाही. त्या सभेला चहा पिऊन आलेल्याची वाटते.

नातवाच्या किल्ल्याला शेवटी रोपवाटिकेतून माती विकत आणली. चाळलेली, सुवासिक, खत घातलेली माती. मोहरी अशी तरारली की दोन दिवसांत तटबंदी दिसेना. नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी आमचे माजी नगरसेवक दारात आले, हातात उटण्याच्या पुड्या. पुडीवर त्यांचा फोटो, फोटोखाली 'हरित प्रभाग, सुंदर प्रभाग'. सौभाग्यवतींनी फराळाची बशी पुढे केली. मी विचारले, "साहेब, त्या मैदानाचा ठराव आला, तेव्हा आपला हात वर होता की खाली?"

त्यांनी चकली मोडली, किल्ल्याकडे पाहिले आणि म्हणाले, "काका, त्या दिवशी मी जरा बाहेर गेलो होतो."

उटणे ठेवून घेतले. उटणे चांगले होते.