बापाचे कर्ज आणि पोराचे चारित्र्य



पोलीस भरती निघाली की कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू गावांतली पोरे मुंबईला, अंधेरीच्या मरोळ मैदानाकडे निघतात. घाटकोपर नाहीतर मुलुंडला कोणा गाववाल्याच्या खोलीत अंग टाकतात. पोरगा धाव पार करतो, लेखी पार करतो आणि मग घरात धास्ती शिरते. सोसायटी थकली आहे, सातबारावर बोजा आहे. चारित्र्य पडताळणीत नाव तर कटणार नाही?

आमचे उत्तर स्पष्ट आहे. थकलेले कर्ज हे दिवाणी देणे आहे, गुन्हा नाही. पडताळणीच्या साक्षांकन नमुन्यात अटक, खटला, शिक्षा यांची विचारणा असते, बापाच्या पीककर्जाची नसते. त्या भीतीपोटी कोणाचे हात ओले करण्याचे कारण नाही.

धोका दुसरीकडे आहे. १८८१ च्या कायद्यात १९८८ साली कलम १३८ घातले गेले आणि चेक न वटणे हा फौजदारी गुन्हा झाला. आज त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. खात्यातून आपोआप वळता होणारा हप्ता पैशाअभावी परत गेला तरी २००७ च्या कायद्याने तीच गत. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, आपल्या खात्यात चेक भरणाऱ्याचे खाते ज्या शाखेत, तिथे खटला चालतो. मोटारसायकलीसाठी चेक यवतमाळात दिला आणि फायनान्स कंपनीचे खाते अंधेरीत असले, तर तारखा मुंबईत पडतात. समन्स गावच्या पत्त्यावर येते, पोरगा असतो शहरात. तारीख चुकते, वॉरंट निघते. साधे देणे असे फौजदारी होते आणि मग साक्षांकन नमुन्यात ते लिहावेच लागते.

असा खटला असेल तर लपवू नका. अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितले की उमेदवाराने खरी माहिती दिलीच पाहिजे. प्रकरण किरकोळ असेल तर नेमणूक करणाऱ्याला ते सोडून देता येते. लपवाछपवीने मात्र हातची नोकरी जाऊ शकते. कलम १३८ चा गुन्हा तडजोडीने मिटतो. देणे मिटवा, निकालाची नक्कल जपून ठेवा. कोरा चेक कोणालाच देऊ नका. शिकत्या पोराला कर्जाला जामीनदार करू नका. बाप थकला की जामीनदाराचेही सिबिल बिघडते.

हे सिबिल आता नोकरीच्या दारात येऊन उभे आहे. सिबिल खराब म्हणून स्टेट बँकेने एका निवड झालेल्या उमेदवाराची नेमणूक रद्द केली आणि मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये ते उचलून धरले. इंग्लंडात तर पोलिसात येणाऱ्याचीही आर्थिक तपासणी होते. कर्जात बुडालेला पोलीस लाचेला बळी पडेल, हे त्यामागचे म्हणणे. ते अगदीच पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण महिन्याच्या महिन्याला पगार मिळणाऱ्याची फूटपट्टी पावसावर आणि सरकारी भावावर जगणाऱ्याला कशी लावणार? १९८६ ते १९८८ या पायाभूत वर्षांचा जो हिशेब भारत सरकारने जागतिक व्यापार संघटनेला दिला, त्यात पिकांना मिळणारा आधार उणे होता. म्हणजे शेतकऱ्याला काही दिले नाही, उलट त्याच्याकडूनच काढून घेतले, हा सरकारचाच कबुलीजबाब. ज्या धोरणाने बाप कर्जात घातला, त्याच कर्जावरून पोराचे चारित्र्य मोजायचे काय?

पीककर्जासाठी सिबिल मागू नका, असे मुख्यमंत्र्यांनी मे २०२५ मध्ये बँकांना बजावले. जे खुद्द कर्ज देताना पाहायचे नाही, ते खाकी वर्दी देताना कोणत्या तोंडाने पाहणार?

आमची मागणी एवढीच. शेतीकर्जाची थकबाकी, मग ती बापाची असो की पोराची, चारित्र्य पडताळणीत धरली जाणार नाही, हे पोलीस भरतीच्या नियमांत आजच लिहा. फूटपट्टी उद्या आली आणि परवा आपण आंदोलन केले, तर मधल्या भरतीतली पोरे वाया जातील. ज्यांच्या घरी चेकचे समन्स आले असेल त्यांनी लाज बाळगू नये. ते कागद घेऊन जिल्हा बैठकीला यावे. एकट्याने मुंबईच्या तारखा निभत नाहीत. चार गावांनी मिळून एक वकील धरला तर निभतात.