मीटर कुणाच्या नावावर?

गेल्या हिवाळ्यात आमच्या शिवाजी पेठेतल्या बचत गटाच्या बायकांसाठी मी एक ऑनलाइन कार्यशाळा जुळवून आणली. विषय होता सौरऊर्जा आणि हवामान बदल. बाहेरगावची एक संस्था शिकवणार होती. सहा आठवडे, दर बुधवारी संध्याकाळी सात ते साडेआठ. बावीस जणींनी नावं दिली. मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, दहा-बारा वर्षं वस्तीत काम केलेली बाई. पण संध्याकाळी सात ही वेळ मला खटकली नाही, हे आधीच कबूल करते. वेळ शिकवणाऱ्यांच्या सोयीची होती आणि मी ती तशीच सगळ्यांना कळवून टाकली.

पहिल्या बुधवारी सतरा-अठरा जणी आल्या. आल्या म्हणजे त्यांची नावं पडद्यावर दिसली. कॅमेरे बंद होते. मधूनच कुणाचा तरी आवाज चालू राहायचा आणि आम्हाला कुकरच्या शिट्या, फोडणीचा आवाज, ‘आई, माझा डबा कुठाय’ असं सगळं ऐकू यायचं. फोन डब्याला टेकवून ठेवलेला आणि हात कणकेत. तिसऱ्या बुधवारी सातजणी राहिल्या. बाकीच्यांना विचारलं तर कुणाचा फोन मुलाच्या क्लासला लागत होता, कुणाचा नवरा सातला घरी आला की फोन त्याच्याकडे जात होता. एकीने सांगितलं, ‘ताई, सासूबाई म्हणतात, दिवसभर फोन आणि संध्याकाळीबी फोनच व्हय?’

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ३३ टक्के स्त्रियांनी आणि ५७ टक्के पुरुषांनी आपण कधी तरी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं. ‘कधी तरी’ वापरणं आणि रोज दीड तास फोन स्वतःच्या हातात, दार लावून, कुणी हाक न मारता मिळणं यात किती अंतर आहे, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. २०२० च्या टाळेबंदीपासून प्रशिक्षणं पडद्यावर आली. त्याचा फायदा नाही असं मी म्हणणार नाही. आय.आय.टी. मुंबईत प्राध्यापक राहिलेले चेतनसिंग सोलंकी यांच्या एनर्जी स्वराज चळवळीनं ऊर्जा साक्षरतेचे मोफत धडे ऑनलाइन ठेवले. ऊर्जेचा वापर आधी टाळा, मग कमी करा, उरलेली गरज स्वतः निर्माण करा, असा त्यांचा क्रम आहे. कोल्हापुरात बसून एखाद्या बाईला हे एकही पैसा न देता शिकता येतं, ही लहान गोष्ट नाही. पण ते तिच्यापर्यंत पोचतं ते घरातल्या सगळ्यांची कामं आटोपून उरलेल्या वेळात, आणि तो वेळ बहुतेक उरतच नाही.

मग आम्ही वेळ बदलून मागितली. दुपारी दोन. शिकवणारी मुलगी तरुण होती, समजूतदार होती, लगेच कबूल झाली. उभा मारुती चौकाच्या मागच्या गल्लीत आमच्या एका काकींच्या घरचा सोपा मोठा आहे, तिथं त्यांचा टीव्ही लॅपटॉपला जोडला आणि सगळ्याजणी सतरंजीवर बसलो. पंधरा जणी आल्या आणि शेवटपर्यंत टिकल्या. कॅमेरा एकच, पण आता शिकवणारीला चेहरे दिसत होते आणि बायका तिला मध्येच थांबवत होत्या.

थांबवलं पहिल्यांदा त्या पांढऱ्या अस्वलापाशी. हवामान बदल म्हटलं की पडद्यावर बर्फाचा तुकडा आणि त्यावर अस्वल येतं. एक वहिनी म्हणाल्या, ‘ते असूं दे, आमचा टँकर दाखवा की.’ बाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. आमची पेठ उंचावर, घरात पाणी शिरलं नाही. पण खालच्या भागातले नातेवाईक घराघरांत येऊन राहिले, आणि उपसा केंद्रं पुरात बुडाल्यानं सगळ्या शहराचं पिण्याचं पाणी बंद झालं. बाहेर महापूर आणि बायका घागरी घेऊन टँकरच्या रांगेत. २००५ ला पूर आला तेव्हा ‘असा पूर पुन्हा बघायला मिळायचा नाही’ असं म्हातारी माणसं म्हणत होती. नंतर २०१९ आला, २०२१ आला. हवेचं तापमान एका अंशानं वाढलं की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते, म्हणून पाऊस पडतो तेव्हा कोसळतो, एवढं त्या मुलीनं सांगितलं आणि सगळ्याजणी गप्प झाल्या. नदीपात्रातली बांधकामं, धरणांतून पाणी सोडण्याचे घोळ हे सगळं आहेच, त्यावरही दुपारभर वाद झाला. पण टँकरच्या रांगेचा संबंध कोळशाच्या धुराशी आहे, हे त्या दिवशी माझ्याही डोक्यात पहिल्यांदा नीट बसलं.

माझा वाद आहे तो उपायांच्या यादीशी. दिवे बंद करा, पंख्याचं बटण बंद करा, कापडी पिशवी वापरा, ओला-सुका कचरा वेगळा करा. ही सगळी कामं कोण करणार? ज्या बाईच्या घरात फ्रिज नाही, तिला वीज वाचवायचे धडे द्यायचे आणि वर ‘स्त्री ही निसर्गाची राखणदार’ असं कौतुक करायचं, हे मला पटत नाही. घरची काटकसर आपल्याकडे, गावचं पाणी आपल्याकडे, आता पृथ्वीही आपल्याच पदरात. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या पुण्याच्या संस्थेचं काम मला आवडतं. उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या तंत्राला २००२ मध्ये आणि खरकट्यावर चालणाऱ्या छोट्या बायोगॅसला २००६ मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाले. आमच्या उसाच्या जिल्ह्यात पाचट जाळून टाकतात, तिथं हे किती मोलाचं आहे! तरी बायोगॅसचा पाठ झाल्यावर एका मावशींनी विचारलेला प्रश्न मी वहीत लिहून ठेवला आहे: ‘रोज त्यात घालायचं कुणी आणि ढवळायचं कुणी?’

सगळ्यात रंगला तो वीजबिलाचा दिवस. शिकवणारीनं सांगितलं होतं, आपापलं बिल घेऊन या. पंधरापैकी नऊ जणींनी आयुष्यात पहिल्यांदा बिल हातात धरून वाचलं. मुलगा फोनवरून भरतो, नाहीतर मालक भरतात. युनिट म्हणजे काय, मंजूर भार म्हणजे काय, स्थिर आकार कशाचा, हे एकेक करून उलगडलं. दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट जातं. जुना पंखा ७५ वॅट खातो आणि बीएलडीसी मोटरचा ३० च्या आसपास. मग छपरावरची सौरऊर्जा. एक किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट सावली नसलेली जागा लागते, महिन्याला साधारण १२० युनिट मिळतात, वापरून उरलेली वीज उलट तारांत जाते आणि बिलातून वजा होते. केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये आणलेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. बायकांनी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडले. एवढी तल्लख गणितं मी आमच्या कर्जवाटपाच्या सभेतही पाहिलेली नाहीत.

आणि तिथंच आम्ही अडलो.

गटातली एक बाई शिवणकाम करते. नवरा २०२१ मध्ये गेला. दोन मुली. वर मोकळा स्लॅब आहे, दिवसभर ऊन. तिचा हिशेब अगदी चोख होता: एक किलोवॅट, शिलाई मशीनची मोटर, इस्त्री, दिवे-पंखे, सगळं भागतं. अर्ज भरायला आम्ही दोघी बसलो. योजनेचा अर्ज ज्याच्या नावावर वीजजोडणी त्याच्याच नावानं. जोडणी तिच्या सासऱ्यांच्या नावावर, आणि सासरे वारून सोळा वर्षं झाली. घरफाळ्याची पावतीही त्यांच्याच नावाची. मीटर हिच्या नावावर करायचं तर वारसांची संमती पाहिजे: दोन दीर आणि एक नणंद. दीर म्हणाले, आज मीटर मागतेय, उद्या घर मागेल. मी त्यांना समजावलं की वीजबिल हा काही मालकीचा पुरावा होत नाही. ते ऐकून घेतात, चहा पाजतात, सही करत नाहीत. ती मला म्हणाली, ‘ताई, मी समदं शिकलो की. बिल कुणाच्या नावावर हाय ते वाचायलाबी शिकलो. आता फुडं?’

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. कार्यशाळेच्या सहा आठवड्यांत हा विषय कुठेच नव्हता. पंधराजणींची बिलं आम्ही पुन्हा पाहिली: बाईच्या नावावर दोन. एक विधवा पेन्शनर बाई आणि एक माहेरच्या घरात राहणारी. चौघी भाडेकरू, त्यांना छप्परच नाही, जुन्या वाड्यात घरमालकाच्या पोटमीटरवर वीज. दिल्लीत २०१९ पासून अशी सोय झाली आहे, की एका ठिकाणच्या सौर पॅनेलची वीज अनेक ग्राहकांच्या बिलात वाटून वजा करता येते. पण तिथंही स्वतःच्या नावाचं बिल लागतंच.

नावाचा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. १९८६ ला चांदवडला जमलेल्या शेतकरी बायका आणि त्यानंतरची लक्ष्मीमुक्तीची मोहीम आपल्याला आठवते. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला, २००५ मध्ये तो देशभर झाला. म्हणजे त्या शिवणकामवालीच्या नणंदेचाही त्या घरावर हक्क आहे, आणि तिनं सही करताना विचार केला तर मी तिला दोष देणार नाही. आपण ‘सुनेला मीटर द्या’ एवढंच म्हणत सुटलो तर दुसऱ्या एका बाईच्या हक्कावरून उडी मारतो. हा गुंता सोडवल्याशिवाय सौरऊर्जा बायकांची होईल असं मला वाटत नाही.

पण गुंता सुटूच शकत नाही असंही नाही. २०१६ पासून उज्ज्वलाची गॅसजोडणी बाईच्या नावानं दिली गेली. २०२४ मध्ये राज्य सरकारनं वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याची योजना आणली, तिला अट होती की जोडणी बाईच्या नावावर असली पाहिजे. आमच्या पेठेत त्या दिवसांत काय झालं? वर्षानुवर्षं स्वतःच्या नावाचं पुस्तक कपाटात ठेवणारे नवरे बायकोला गाडीवर मागे बसवून गॅस एजन्सीच्या रांगेत उभे राहिले. घरं मोडली नाहीत, कुणाची इभ्रतही गेली नाही. मग छतावरच्या ७८ हजारांना अशी अट का नको? निदान अनुदान पतिपत्नीच्या जोडखात्यात जावं, बाईच्या नावाच्या अर्जाला जास्तीचं काही मिळावं, आणि मयताच्या नावावरची जोडणी तिथं प्रत्यक्ष राहणाऱ्या बाईच्या नावावर, इतर वारसांच्या मालकीला धक्का न लावता, सोप्या रीतीनं करून मिळावी. चुलीजवळचा गॅस बाईचा म्हणून तिच्या नावावर करायला सरकारला जड गेलं नाही. छप्पर मात्र मालमत्ता आहे, तिथं हात आखडतो, असा माझा तर्क आहे.

शिकवण्याच्या पद्धतीबद्दलही एक बोलायचं आहे. राजस्थानातल्या तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजात अक्षरओळख नसलेल्या आज्या रंग आणि खुणांवरून सर्किट जोडायला शिकतात, पण तिथं राहून, महिनोन्‌महिने, हातानं. लातूरच्या १९९३ च्या भूकंपानंतर मराठवाड्यात उभं राहिलेल्या स्वयं शिक्षण प्रयोगनं हजाराहून जास्त बायकांना धूर कमी करणाऱ्या चुली आणि सौरदिवे विकायला, दुरुस्त करायला तयार केलं. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या हवामान विभागानं त्याची दखल घेतली. पडद्यावर पाना कसा धरायचा ते दिसतं, धरता येत नाही. सरकारचं सूर्यमित्र प्रशिक्षण आहे, तर त्याला आय.टी.आय. वगैरेची अट; आमच्या गटात एकही आय.टी.आय. झालेली नाही. म्हणून पडद्यावरचे पाठ जरूर घ्यावेत, पण एकेकीच्या फोनवर न घेता एका सोप्यात, सगळ्यांनी मिळून, आणि निदान दोन दिवस कुणी तरी खरं पॅनेल आणि खरी वायर घेऊन यावं.

मी संस्थेला अहवाल पाठवला तेव्हा ‘प्रशिक्षित महिला: २२’ असा रकाना होता. मी १५ लिहिले आणि खाली ‘स्वतःच्या नावे वीजजोडणी: २’ अशी ओळ वाढवली. त्यांचा फोन आला, हा रकाना आमच्या नमुन्यात नाही म्हणून. आता पुढच्या तुकडीच्या नमुन्यात तो घालायचं त्यांनी मान्य केलं आहे.

पुढची तुकडी मार्गशीर्ष संपल्यावर, त्याच काकींच्या सोप्यात, दुपारी दोनला. एक दिवस वकील मैत्रीण येणार आहे. येताना प्रत्येकीनं वीजबिल, घरफाळ्याची पावती आणि असेल तर प्रॉपर्टी कार्डाची झेरॉक्स आणायची. शिवणकामवालीच्या नणंदेलाही बोलावलं आहे. ती येतो म्हणाली आहे.