आठवड्याची कमाई, महिन्याची बिले

येलदरीचे धरण आमच्या वाचकांना नवे नाही. पूर्णेला पाणी येते पावसाळ्यात. ते येलदरीला साठते, वीज करून खाली सिद्धेश्वरला जाते आणि तिथून कालव्याने शेतात सुटते. आले तसे जाऊ दिले असते तर उन्हाळ्यात कालवा कोरडाच राहिला असता.

मोबाईलवर काम मिळवणाऱ्या मुलांच्या कमाईचेही असेच आहे. आपल्या भागातले तरुण पुण्याला जाऊन घरोघर जेवण, सामान पोहोचवतात. "दिवसभर गाडी पळवतो, उरत काहीच नाही," हे आम्ही किती घरांतून ऐकले! मुलगा कष्टाला मागे नाही. पण कमाई येते आठवड्याला, कधी जास्त, कधी कमी. आणि खोलीभाडे, लाईट बिल, गाडीचा हप्ता ठरल्या तारखेला दारात उभे. मग मन खचते. एखाद्या सकाळी तो मोबाईल बंद करून पडून राहतो.

माय-बापहो, त्याला आळशी म्हणू नका. वही घेऊन त्याच्याजवळ बसा.

हातात आले ते सगळे आपले नसते. गिऱ्हाईकाने दिलेली रोख कंपनीची; ती हिशेबात वळती होते. पेट्रोल, टायर, ऑईल मात्र पदरचे. समजा आठवड्याला ५,००० दिसले, पेट्रोलला १,२०० गेले, दुरुस्तीला ३०० बाजूला काढले, तर कमाई ३,५००. घरी हाच आकडा सांगावा. अमुक फेऱ्यांवर मिळणारे जादा पैसे खात्यात पडेपर्यंत धरूच नयेत.

यातून खाण्यापुरते काढून उरलेल्या रकमेला दर आठवड्याला एका खर्चाचे नाव द्यावे. पहिला आठवडा भाड्याचा, दुसरा हप्त्याचा, तिसरा लाईट आणि गॅसचा, चौथा घरी पाठवण्याचा. पावसात भिजताना पोराला ठाऊक असते, ही फेरी लाईट बिलाची. बिल भरले की त्याने घरी फोन करावा आणि आईने वहीतली ती ओळ खोडावी. खोडलेली ओळ पाहून जो हुरूप येतो, तो आमच्या उपदेशाने येणार नाही.

रिचार्ज विसरू नका. २८ दिवसांचा असेल तर वर्षात १३ वेळा भरावा लागतो, आणि तो संपला की कामच बंद. वर्षाचे आठवडे ५२. बारा चोक अठ्ठेचाळीस. वरचे ४ आजारपणासाठी राखावेत. पोराच्या चहापाण्याला हात लावू नये, तोही माणूस आहे.

आणखी एक. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात अशा कामगारांचा उल्लेख आहे. ई-श्रमवर नोंदणी मोफत होते. आधार आणि आधारला जोडलेला मोबाईल घेऊन ती करून घ्यावी, आणि मिळालेला क्रमांक त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.